बोरिंगवाल्या बाईचं पान

शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून गावानं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि ‘गावची रत्ने’ हे प्रकरण माझ्या गळ्यात घातलं. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते, एवढीच माझी पात्रता. यादी समितीनंच करून पाठवली होती. कारखान्यात वरच्या खुर्चीवर गेलेला एक इंजिनिअर, मुंबईत मंत्रालयात असलेले एक साहेब, कॅनडात राहणारं एक जोडपं, नागपूरचे एक डॉक्टर आणि शेवटी मी. म्हणजे जे जे गाव सोडून गेले ते ते रत्न. डॉक्टरांच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘गावच्या पाण्यातील फ्लोराईड शोधून काढणारे’.

हे वाक्य वाचून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. कारण ते फ्लोराईड कुणी शोधलं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पोंभुर्ण्याकडं जाणाऱ्या रस्त्याला फाटा फुटतो, तिथून आत आमचं गाव. मी बारा वर्षांची होते तेव्हा गावात दोन ठिकाणी पिण्याचं पाणी होतं. आमच्या शेतकऱ्यांच्या आळीत मारुतीच्या देवळासमोर हातपंप, आणि गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध मोहल्ल्यात एक विहीर. हातपंपाला आमच्याकडं बोरिंग म्हणतात. ते बिघडलं की दुरुस्तीला यायची ती त्याच मोहल्ल्यातली बाई. सातवी शिकलेली. सरकारी प्रशिक्षणाला गावातून कुणी पुरुष जाईना म्हणून ती गेली आणि पंपाची मेकॅनिक होऊन आली. सायकलच्या कॅरिअरला पान्यांची पेटी बांधून ती जंगलातल्या टोल्या-पाड्यांवर जायची. लोक तिला बोरिंगवाली बाईच म्हणत. पंप खोलून पाईप वर ओढताना ती सहा गड्यांना हुकूम सोडायची आणि ते ऐकायचे. काम झालं की तेच सहा गडी ती गेल्यावर पंप धुऊन घ्यायचे. हेही मी पाहिलं आहे.

एकदा ती आमच्या आळीतला पंप खोलत होती आणि आम्ही पोरं भोवती उभी होतो. माझा धाकटा भाऊ कशाला तरी हसला. बाईनं हातातला पाना खाली ठेवला.

“आ कर रे,” ती म्हणाली.

त्याच्या नव्या आलेल्या दातांवर तपकिरी पट्टे होते, जागोजागी खड्डे पडलेले. तिनं एकेक करून सगळ्या पोरांचे दात पाहिले. सगळ्यांचे तसेच. माझे तेवढे पांढरे.

“तुह्ये काऊन बरे हायेत? तू लहानपणी इथीच होतीस का?”

“नाई. सात वर्षांची होईपर्यंत मामाच्या गावाले होती,” मी सांगितलं.

तिनं पुन्हा एकदा माझे दात पाहिले. मग तिनं पंप जोडला, आणि जाताना एका धुतलेल्या बाटलीत त्याचं पाणी भरून घेतलं. दुसऱ्या बाटलीत तिनं आपल्या मोहल्ल्यातल्या विहिरीचं पाणी घेतलं आणि बसनं चंद्रपूरला जाऊन तपासायला दिलं. निकालासाठी तिला तीन खेपा कराव्या लागल्या. शेवटी कागद हातात आला. पंपाच्या पाण्यात फ्लोराईड पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर होतं. विहिरीचं पाणी चांगलं होतं.

तो कागद घेऊन ती सरपंचाच्या ओसरीखाली उभी राहिली. माझे बाबा तिथं बसले होते आणि मी त्यांना जेवायला बोलवायला गेले होते, म्हणून हे बोलणं मी ऐकलं.

“भाऊ, त्या बोरिंगचं पाणी पिऊ नका. दात गेले, आता पोराइचे हाडं जातीन. कपडे धुवा, ढोरं धुवा, पन पिऊ नका.”

“मंग प्यायचं काय?” सरपंचानं विचारलं.

“आमची विहीर साफ हाय. तिथून न्या. आमची कोनाचीच ना नाई.”

मग सरपंच म्हणाला, “म्हंजे आता आमच्या बायका तुमच्या विहिरीवर येतीन?”

“याव लागते तं याव,” ती म्हणाली.

त्या ओसरीवरच्या एकालाही कागदात काय लिहिलंय हे विचारावंसं वाटलं नाही. सगळ्यांना एकच ऐकू आलं होतं. मोहल्ल्यातली बाई आपलं पाणी बंद करते आणि आपल्याला तिच्या पाण्यावर बोलावते.

आठ दिवस तिनं वाट पाहिली. मग एका सकाळी येऊन तिनं पंपाच्या दांड्याला साखळी गुंडाळली, कुलूप लावलं आणि पाणी पिण्याचं नाही याची खूण म्हणून पंपाला लाल रंग फासला. दुपारपर्यंत आळी जमली. कुलूप तोडलं ते माझ्या बाबांनी. घरून कुऱ्हाड आणायला त्यांनी मला पाठवलं होतं आणि मी ती पळत जाऊन आणली. कुणीतरी तिची पान्यांची पेटी उचलून बोडीत फेकली. बोडी म्हणजे आमचं धानाच्या पाण्याचं तळं, गाळानं भरलेलं. ती गुडघाभर गाळात उतरून हातानं पाने चाचपत होती आणि काठावर लोक हसत होते. त्यात माझ्या शाळेतल्या मुली होत्या. मी हसले नाही असं मला लिहिता आलं असतं. मीही हसले.

त्यानंतर दुरुस्तीच्या ठेकेदारानं तिला बोलावणं बंद केलं. गावातून तक्रार गेली होती, एवढंच तिला कळलं. पंपांवर हात बसलेली ती बाई धानाच्या रोवणीला आणि तेंदूपत्ता तोडायला मजुरीनं जायला लागली. आणि आम्ही पुढची नऊ वर्षं ते पाणी प्यालो. लाल रंग उन्हानं फिका होत गेला. कुणाला तो पुन्हा लावावासा वाटला नाही.

मग गावचाच एक मुलगा डॉक्टर होऊन शिबिर घेऊन आला. त्यानं दात पाहिले, गुडघे पाहिले, पाणी तपासलं, त्यावर लिहिलं, आणि पेपरात त्याचा फोटो आला. सोबत माझ्या भावाच्या तोंडाचाही आला, फक्त दातांचा. भाऊ आजही हसताना तोंडावर हात धरतो. डॉक्टरनं सांगितल्यावर मात्र पंप महिन्याभरात बंद झाला आणि नळयोजना आली. तोच कागद, तेच पाणी, तेच दात. सांगणारा फक्त बदलला होता.

म्हणून मी यादीत बोरिंगवाल्या बाईचं नाव घातलं आणि समितीच्या बैठकीला गेले. समितीचे अध्यक्ष म्हणजे तेव्हाचेच सरपंच. म्हातारे झाले आहेत, बोलणं आता मऊ आहे.

“पोरी, रत्न म्हंजे ज्यानं गावाचं नाव बाहेर काढलं तो,” ते म्हणाले. “तिले कोन ओळखते?”

“तुम्ही ओळखता ना.”

“जुन्या गोष्टी उकरून गावाची बदनामी करून राह्यली तू. अन् तुह्या बापाचंच नाव येईन त्यात.”

“येऊ द्या,” मी म्हणाले.

त्याच दुपारी मी मोहल्ल्यात बाईकडं गेले. ती दारात बसून मोहफुलं निवडत होती. मी आले कशासाठी ते सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. किती वर्षं गावाबाहेर राहिलं की माणूस एवढं मूर्ख होतं कुणास ठाऊक.

“मले शाल द्याले आली का तू?” तिनं विचारलं. “बोडीतून मी सात पाने काढले. मोठा पाना सापडलाच नाई. तुह्या बापानं कुलूप तोडलं, कुऱ्हाड तू आनली. मी पाह्यलं होतं.”

मी मान खाली घातली.

“अन् तो डाक्टर,” ती म्हणाली, “माह्याकडून कागद घेऊन गेला. वापस देतो म्हने. अजून देऊन राह्यला.”

“बाई, हे सगळं मी लिहू का?”

“लिव्ह. गोड करून नको लिहू. अन् मले त्या मांडवात बोलावू नको.”

मी गोड केलं नाही. एका पानावर सगळं लिहिलं. विहीर लिहिली, ओसरी लिहिली, डॉक्टरनं नेलेला कागद लिहिला. कुलूप या लेखिकेच्या वडिलांनी तोडलं आणि कुऱ्हाड लेखिकेनं आणून दिली हेही लिहिलं. छपाई चंद्रपूरला माझ्या देखरेखीखाली होती, त्यामुळं ते पान छापून झालं. माझ्याबद्दलचा मजकूर मी काढून टाकला.

कार्यक्रमाच्या दिवशी गठ्ठे शाळेत पोचवून मी मांडवात बसले. स्मरणिका हातात आली तेव्हा ती जरा सैल लागली. ते पान नव्हतं. मी ऑफिसात धावले. तिथं दोन शिक्षक पट्टी लावून प्रत्येक प्रतीतून पान फाडत होते. फार नीट फाडत होते. त्यांना गावात नोकरी करायची होती.

एक न फाडलेली प्रत उचलून मी स्टेजमागं डॉक्टरांना दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली.

“कागद तिनंच दिला होता, खरं आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “माझ्या लक्षातून गेलं.”

“आता माईकवर सांगा मग.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मांडवाकडं पाहिलं. त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, आईवडिलांचे आणि गावच्या मातीचे आभार मानले. मातीचे. ती बाई ज्या गाळात उतरली होती, ती हीच माती.

मी शाल घेतली नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी ऑफिसातला फाडलेल्या पानांचा गठ्ठा उचलून गेटबाहेर पडले होते. घरोघरी गेले. मोहल्ल्यात लोकांनी पान घेतलं, घरात बोलावून पाणी दिलं. आमच्या आळीत काहींनी घेतलं, काहींनी दार लोटलं. एका बाईनं माझ्यासमोर त्याचा बोळा केला. तिची पाठ वाकलेली होती.

शेवटी आमच्या घरी गेले. बाबांची मान आता वळत नाही. कुणी हाक मारली तर त्यांना अख्खं अंग फिरवावं लागतं. भावानं पान त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. वाचायला त्यांना वेळ लागला.

“तुले एवढ्या लोकाइत बापाची लाज काढाची होती?” ते म्हणाले.

“बाबा, पाणी वाईट हाय हे तिनं तुम्हाला सांगितलं होतं.”

“तिनं सांगितलं म्हनूनच तं,” ते बोलून गेले, आणि थांबले. मला दया यायला हवी होती. त्यांची मान पाहून कुणालाही आली असती. मला आली नाही.

निघताना ग्रामपंचायतीच्या फलकावर मी एक पान चिकटवलं. चार दिवसांनी भावाचा फोन आला की ते कुणीतरी फाडलं. मी आणखी दहा पाठवली. त्यातली सहा फाडली गेली आहेत. चार शिल्लक आहेत, आणि आता चिकटवायला भाऊ जातो.