कणकेचे एक्केचाळीस गोळे

मतं मागून निवडून आलेली माणसं मी नोकरीत पोत्यानं पाहिली. कुशाबाई कणकेच्या गोळ्यातून निवडून आली, आणि तिच्याइतक्या नेकीनं पंचायतीचं काम करणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. आता निवृत्त आहे म्हणून हे बिनधास्त सांगतो.

गाव दौंड तालुक्यातलं, राहूच्या बाजूचं, भीमेकाठचं. शिरूर तालुक्यातून माझी ग्रामसेवक म्हणून तिथं बदली झाली शहाण्णव साली. आधीच्या निवडणुकीत दोन पार्ट्यांत अशी जुंपली होती, की कडब्याच्या गंजी पेटल्या आणि चुलतभाऊ एकमेकांच्या लग्नात जेवेनासे झाले. म्हणून सत्त्याण्णवला जाणत्यांनी ठरवलं, यंदा मतदान नको. वॉर्डातल्या घरटी एकाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठी कणकेच्या गोळ्यात घालायची, म्हणजे हाताला फरक कळत नाही. गोळे घागरीत टाकायचे आणि बिरोबाच्या ओट्यावर हरिबानं एक काढायचा. हरिबा म्हणजे देवळाचा पुजारी, नजर इतकी अधू की समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचा. ज्याचं नाव निघेल त्यानंच अर्ज भरायचा, बाकी कुणी नाही. कागदोपत्री ती बिनविरोध निवड.

बापूसाहेब एका पार्टीचे पुढारी, मोठे बागायतदार. ते लगेच हो म्हणाले. तिसऱ्या वॉर्डात जागा बायकांसाठी राखीव होती, घरं एक्केचाळीस, त्यातली एकोणतीस त्यांच्या भावकीची. धनगरवाडीची फक्त बारा. गडी निर्धास्त होता. हरिबानं गोळा फोडला आणि निघाली कुशाबाई, धनगरवाडीच्या भिमाची बायको.

"उरलेलं समदं गोळं फोडा," बापूसाहेब म्हणाले. "सगळ्यात तिचंच नाव कोंबलं असंल."

चाळीस गोळे फोडले. चाळीस वेगळी नावं निघाली. तेव्हापासून रीतच पडली, की नाव निघालं की बाकीचे गोळे चारचौघांत फोडायचे आणि कणीक नदीत माशांना टाकायची.

खुद्द कुशाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती कासुर्डीच्या शिवारात एकाच्या रानात मेंढरं बसवून होती. मेंढरं चार रात्री बसली की शेताला खत मिळतं. दुसऱ्या दिवशी तीन वाजेपर्यंत दौंडला अर्ज गेला नाही तर ठराव मोडणार आणि गावात पुन्हा काठ्या निघणार. मी माझी एम-एटी गाडी काढली आणि सकाळीच कासुर्डी गाठली.

"मला काय कळतंय पंचायतीतलं?" ती म्हणाली. "आन् ह्या कोकराला दूध कोन पाजील? आई मेलीया त्याची."

"मी पाजतो की," भिमा म्हणाला.

"तुमच्या हातनं त्ये पीत न्हाई."

शेवटी कोकरू मांडीवर घेऊन ती माझ्यामागं बसली. दौंडच्या कचेरीत एका हातानं कोकरू धरून तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा उठवला. साहेबांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, सूचक.

पहिले सहा महिने ती मीटिंगला दाराशी जमिनीवर बसायची. मी खुर्ची दाखवायचो, ती मान हलवायची. खरं सांगतो, मलाही बरंच वाटायचं. गप्प बसणारा मेंबर म्हणजे ग्रामसेवकाला देवमाणूस. एक दिवस मी वाचत होतो, की वाडीचा हातपंप दुरुस्त झाला. ती म्हणाली, "कवा?" एवढंच. पंप कागदावरच दुरुस्त झाला होता. त्यानंतर ती खुर्चीवर बसायला लागली, आणि मी काहीही लिहिण्याआधी जागेवर जाऊन बघून यायला लागलो.

दोन हजार साली भिमाची मेंढरं बापूसाहेबांच्या उभ्या हरभऱ्यात शिरली. बापूसाहेब बाह्या सरसावून पंचायतीत आले. कुशाबाईनं आधी रान बघितलं, मग मेंढरं हाकत आणली आणि नवऱ्याची मेंढरं स्वतःच्या हातानं कोंडवाड्यात कोंडली. भिमा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. "तेवढीच डोक्याला शांतता," ती म्हणाली. बापूसाहेब मात्र त्या दिवसापासून तिच्या शब्दाबाहेर गेले नाहीत.

तिचा सगळा जीव वाडीच्या पाण्यात होता. वाडीच्या बायका नदीवरून हंडे आणत. चार वर्षं दौंडला खेटे घालून तिनं नळयोजना मंजूर करून आणली. दोन हजार दोनला पाइप ओढ्यापर्यंत आला आणि पंचायतीची मुदत संपली. वाडी ओढ्याच्या पलीकडं.

"आजून येक बारी मिळाया पायजे, भाऊसाहेब," ती मला म्हणाली. "दारात पानी आलं की मग माझं नाव कुटं बी जाऊंद्या."

जागा याही वेळी बायकांसाठीच राखीव होती, आणि गावालाही कुशाबाईच हवी होती. चिठ्ठ्यांच्या आदल्या दिवशी बापूसाहेब कचेरीत आले आणि दार लोटून घेतलं. "भाऊसाहेब, नशिबाचा काय भरवसा न्हाई आन् काम अर्ध्यात हाय. समद्या चिठ्ठ्यांवर तिचंच नाव लिव्हा. भावकीला इच्यारलंय मी, कुनाची ना न्हाई. आन् बाकीचं गोळं फोडा म्हननारं तरी कोन हाय?" वाडीची माणसं त्याच कामासाठी सकाळी येऊन गेली होती. मी लिहिल्या, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. इतक्या आनंदानं मी नोकरीत दुसरं कुठलं खोटं काम केलं नाही.

दुसऱ्या दिवशी हरिबानं गोळा काढला, मी नाव वाचलं. टाळ्या झाल्या, हलगी वाजली. कुशाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता बाकीचं फोडा."

"ऱ्हाऊंद्या की," बापूसाहेब म्हणाले.

"रीत हाय. तुमीच पाडलीया."

कुणी जागचं हलेना. मग तीच खाली बसली आणि एकेक गोळा फोडायला लागली. पाच वर्षांत ती सही करायला शिकली होती. तिला वाचता येणारं नाव एकच होतं, आणि तेच प्रत्येक गोळ्यातून निघत होतं.

सातव्या गोळ्याला तिचा हात थांबला. "अक्षर तुमचं हाय," ती मला म्हणाली.

"गावानं मायेनं केलंय, कुशाबाई," बापूसाहेब म्हणाले.

"म्हाईत हाय. म्हनून तर जास्ती लागतंय." "त्या साली तुमी नाव सुचवाया बसला असता, तर माझं नाव येकाच्या तरी तोंडात आलं असतं का? घागरीला मानूस वळखू येत न्हाई, म्हनून मी हितवर आले. आन् आता त्याच घागरीत दुसऱ्या बाईला जागा न्हाई व्हय?"

"मंग पानी?" भिमा मागून म्हणाला.

"जी निघंल तिला मागू."

बापूसाहेबांच्या पत्नी पुतळाबाईंनी घरून नवी कणीक मळून आणली. मतदारयादी कचेरीत होती. कुशाबाई म्हणाली, यादी कशाला, मी सांगते. तिनं एक्केचाळीस घरांतल्या बायकांची नावं तोंडपाठ सांगितली. त्यातली निम्मी मला माहीत नव्हती. सहा वर्षं मी त्या बायकांना अमक्याची सून, तमक्याची आई म्हणत आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

या वेळी निघाली गीताबाई. नवऱ्यानं टाकलेली, लोकांच्या रानात खुरपणाला जाणारी. तिच्या तोंडून गावानं वर्षात दहा शब्द ऐकले नसतील. नाव ऐकताच ती उठून घराकडं चालायला लागली. कुशाबाईनं मागं जाऊन तिला हाताला धरून आणलं आणि ओट्यावर बसवलं. मग बाकीचे गोळे फोडले. सगळे बरोबर निघाले.

"कुशाबाई, वाईट वाटलं का?" मी हळूच विचारलं.

"लई वाटलं. माझीच पायजे व्हती मला जागा." आणि लगेच ती गीताबाईकडं वळून सांगायला लागली: पाइप कुठवर आलाय, पुढं ओढा कसा लागतो, दौंडला कुठल्या टेबलावर जायचं.

गीताबाई खाली मान घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, "पर आक्का, पाइप ओढ्याच्या वरनं नेनार का खालनं गाडून? वरनं नेला तर पहिल्याच पुरात जाईल की."

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. नकाशात पाइप वरूनच होता. कुशाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

"लिव्हा, भाऊसाहेब," ती म्हणाली.