बॅरिकेडवरचा पाय

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

मी भोपाळच्या एका हिंदी दैनिकात फोटोग्राफर आहे. वडील पिपलानीच्या कारखान्यात होते. घरात मराठी, बाहेर हिंदी. आमच्या धंद्यात एक रीत आहे, तिला कोणी खोटं म्हणत नाही. मोर्चेकऱ्यांना सांगायचं — "एक बार और नारा लगाइए, हाथ ऊपर." तेही खुशीने देतात. त्यांना पेपरात यायचं असतं, आम्हाला फोटो हवा असतो. मग बिघडलं कुठे?

'आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय वस्ती पाडू नका', म्हणून अशोका गार्डनजवळच्या वस्तीतल्या लोकांचा मोर्चा होता. अगदी शांत. बायका बॅरिकेडसमोर मांडी घालून बसलेल्या. असला फोटो आतल्या पानावरही लागत नाही, आणि मी वैतागलो होतो. तेवढ्यात मराठी कानावर आलं. सुनंदाताई — मूळच्या नागपूरकडच्या, सरकारी शाळेत स्वयंपाक करायच्या. मीही मराठी निघालो म्हणून केवढ्या खूश झाल्या. मी म्हटलं, "ताई, एक पाय बॅरिकेडवर टाका ना. मूठ वर करा."

"काही होणार तर नाही ना, भाऊ?"

"नाही हो. फोटोपुरतं."

हिंदीत सांगितलं असतं तर चढल्या असत्या का? मला नाही वाटत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्याच होत्या, वर मथळा — मोर्चा उग्र झाला. पोलिसांनी तोच फोटो लावून सुनंदाताईंवर गुन्हा नोंदवला. त्यांचं शाळेतलं काम गेलं. वस्तीचं म्हणणं तर मग कोणी ऐकेचना.

खटल्यात मला साक्षीला बोलावलं. सुनंदाताईंच्या वकिलाने सरळच विचारलं — चढायला तुम्हीच सांगितलं होतंत ना? एक 'हो' पुरला असता. मला माझी नोकरी दिसत होती. भित्रा आहे मी, दुसरं काय? म्हणालो, नाही, जे घडलं ते फक्त टिपलं. सुनंदाताई समोरच उभ्या होत्या. त्यांना शिक्षा झाली.

एवढंच असतं, तर भीतीने तोंडून निघून गेलं असं म्हणता आलं असतं. पण कॅमेऱ्याच्या कार्डावर त्या फोटोच्या आधी काढलेले फोटो होते — सुनंदाताई रस्त्यावर बसलेल्या, आणि एकात पदर सावरत, हसत, इथेच पाय ठेवू का म्हणून मला विचारणाऱ्या. साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मी ते एकेक करून पुसले.