डाव्या खांद्यावरची थाप

कबनूरच्या आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात बातमी पसरली, की सम्मेदची बायको रोहिणी नवऱ्याला मारते. तीही तपशिलासकट: रोज संध्याकाळी, जेवण झाल्यावर, डाव्या खांद्यावर. बातमी आणली धोंडुबाईनं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी सम्मेदच्या घराच्या पुढच्या सोप्यासमोर येते, त्यामुळं तिला खोटं बोलायची गरज कधी पडत नाही, अर्धं बघितलं तरी काम भागतं. म्हणे तो मान खाली घालून बसतो, ही शेजारी बसून थापा घालते, आणि वर तोच म्हणतो, बरं झालं. बायकांना त्याची कीव आली. पुरुष आपापल्या घरी जरा नीट वागायला लागले.

शेवटी धोंडुबाई विरजण मागायच्या निमित्तानं उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. बघते तर एकाच इयरफोनची वायर दोघांत. उजवं टोक सम्मेदच्या कानात, डावं रोहिणीच्या. सम्मेदच्या हातात मोबाइल, त्यावर तो बंदुकांचा खेळ. रोहिणीनं वर न बघताच सांगितलं, "मावशी, जरा थांबा. जिन्यात कोणतरी हाय."

धोंडुबाईनं दचकून मागं बघितलं. त्या घराला जिनाच नाही.

झालं होतं असं. सम्मेद यंत्रमागावरचा जॉबर. माग बिघडला की हाक ह्यालाच. त्या उन्हाळ्याआधी वर्षभर, एका सकाळी उठला तो डावा कान बंद पडल्यागत. डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, कान काही परत आला नाही. मागाच्या खडखडाटात तसंही कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून कामाचं अडलं नाही. अडलं ते खेळाचं. कामावरनं सुटल्यावर तो, त्याचा दोस्त विश्वजित आणि आणखी दोघं असा त्यांचा संघ होता. त्या खेळात शत्रू आधी दिसत नाही, ऐकू येतो. गवतात सळसळ, फरशीवर टपटप, लाकडी जिन्यावर धडधड. पाऊल कुठल्या कानात वाजलं त्यावर माणूस कुठं आहे ते ठरतं. सम्मेदला डावीकडची दुनियाच नव्हती. जो यायचा तो डावीकडनं यायचा आणि ह्याला मारून जायचा, पाठोपाठ संघही जायचा. एक दिवस विश्वजित म्हणाला, तू आता बघायला बस.

सम्मेद बघायलाही बसला नाही. कट्टा सोडला, चहाची टपरी सोडली. चौघं बोलायला लागले की आपल्याला निम्मंच कळतं, ह्याची त्याला लाज वाटायची. घरात गप्प, दारात गप्प. रोहिणीला कानाचं दुःख नव्हतं. माणूसच मिटत चाललाय, हे तिला बघवेना.

रोहिणी लग्नाआधी माहेरच्या मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. तिथली भाषा तोंडाची नाही, हाताची. खांद्यावर एक थाप म्हणजे त्या बाजूला बघ, धागा तुटलाय. लागोपाठ दोन म्हणजे हातातलं सोड, माग बंद. एका संध्याकाळी तिनं नवऱ्याचा मोबाइल हुडकून काढला, इयरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं आणि म्हणाली, चला, डावीकडचं माझ्याकडं. शत्रू लांब असला की नुसतं बोट, जवळ आला की पंजा, आणि अगदी दाराशी आला की धोंडुबाईला दिसला तो प्रकार.

सासूबाई त्रिशलाकाकूंना आधी पटेना. पाणी गाळून पिणारं जैनाचं घर, आणि लेक सुनेला घेऊन माणसं मारतोय. रोहिणीनं त्यांना समजावलं, की मी कुणावर गोळी झाडत नाही, कोण आलंय एवढंच सांगते. काकूंनी ह्यावर एक दिवस विचार केला आणि मग स्वतःहून संध्याकाळची भांडी आपल्याकडं घेतली. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकणारं घर ते, संध्याकाळ मोकळीच. रोहिणी अजून सांगते, सासूनं ती भांडी घेतली नसती तर काहीच झालं नसतं.

मग दिवाळीनंतर कोल्हापुरात एका तालमीच्या हॉलमध्ये ह्या खेळाची स्पर्धा लागली. विश्वजितचा चौथा गडी ऐनवेळी तापानं पडला. नाइलाजानं त्यानं सम्मेदला विचारलं, आणि सम्मेद आला तो बायकोला घेऊन. समोरच्या संघानं गलका केला, हे पाच जण झाले. संयोजक पेठेतला पैलवान गडी. त्यानं नियम वाचले, मिशीवर हात फिरवला आणि निकाल दिला, "फोन एक, इयरफोन एक, बायको एक. बसू दे की."

सामना रंगला तो शेवटाला. विश्वजितसकट तिघं गारद. उरला सम्मेद, एका पडक्या बंगल्याच्या माडीवर. समोरचे दोघं शिल्लक. तिघंही ह्याच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले, आता हा पण जाणार असं तोंड करून. रोहिणीच्या कानात पावलं वाजली. डावीकडनं, एक नाही, दोघांची. एवढ्या माणसांत तिचंही भान सुटलं. दोघं आहेत हे सांगायला तिनं धाडधाड दोन थापा घातल्या.

आणि सम्मेदनं मोबाइल टेबलावर सोडून दोन्ही हात उचलले. माग बंद! सगळी उमर शेडमध्ये गेलेला माणूस तो, दुसरं काय करणार? मागं विश्वजितनं कपाळावर हात मारला. रोहिणीला वाटलं, आपल्याच हातानं ह्यांची संघात परतायची वाट बंद केली.

पण उचललेले हात पुन्हा मोबाइलवर येईपर्यंत एक गोष्ट घडली. सम्मेदचा सैनिक माडीवर जागच्या जागी थिजला, म्हणजे त्याचं पाऊल वाजायचं थांबलं. वर चढणारे दोघं कान लावून थबकले. वर चिडीचूप. बंगला रिकामा समजून ते पाठमोरे झाले आणि निवांत जिना उतरायला लागले. रोहिणीनं बोटानं हळूच एकदा टोचलं. सम्मेदनं मोबाइल उचलला आणि दोघांचाही निकाल लावला.

पुढच्याच फेरीत सम्मेदचा संघ हरला, ते कुणाच्या ध्यानातही नाही. बाहेर चहाच्या गाड्यावर सम्मेद कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसत होता आणि आपला पहिला कप बायकोच्या हातात देत होता. तोंडानं आभार मानायची रीत त्या घरात नाही. पण कप देताना त्याचा हात तिच्या हातावर जरा जास्तच रेंगाळला, आणि तिनंही घाई केली नाही.

तेवढ्यात विश्वजित आला. सम्मेदच्या शेजारी उभा राहून, खाली बघत, बराच वेळ बोलला. चुकलं माझं, तुला बाजूला बसवायला नको होतं, उद्यापासनं कट्ट्यावर ये, वहिनींनाही आण. सम्मेद गाड्यावरच्या भज्यांकडं बघत चहा पीत राहिला. विश्वजितचा चेहरा पडला.

रोहिणीनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "भावजी, तुम्ही डावीकडं उभं ऱ्हायलाय. उजवीकडं या आणि सगळं पयल्यापासनं म्हणा, एक शब्द गाळू नका."