सिलिंडरमधली साधी हवा

स्कूबा हे माझं स्वप्न वगैरे कधीच नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मला पोहता येत नाही. गोराईला गेले तरी पाणी घोट्यापर्यंत आलं की मागे फिरणारी मी. अंदमानला जायचं ठरलं ते आईच्या एका बोलण्यामुळे.

बोरिवलीच्या आमच्या घरात काही वर्षं दोन सिलिंडर यायचे. एक गॅसचा, एक बाबांचा. बाबा गिरणीत होते, कापसाच्या धुळीने त्यांच्या फुप्फुसांची पार वाट लावली होती. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ऑक्सिजन कायमचा उभा असायचा. बेल वाजून "सिलिंडर" अशी हाक आली की आई आतून विचारायची, "गॅसचो की त्यांचो?" मी बाबांच्या छातीकडे बघत बसायचे आणि त्यांचा पुढचा श्वास येईपर्यंत माझाही धरून ठेवायचे. बाबा गेले, माझी सवय काही गेली नाही. भाजी चिरताना, फोनवर बोलताना मी मधेच श्वास धरून थांबलेली असते. एकदा चक्कर येऊन ओट्याला टेकले तेव्हा आई म्हणाली, "श्वास कित्याक धरून बसतंस गो? ते गेले. आता तुजो तू घे."

त्याच आठवड्यात ऑफिसातली मैत्रीण अंदमानहून परतली. जेवणाच्या सुट्टीत सांगत होती, "डायव्हिंगचा पहिला नियम माहितीये? श्वास धरायचाच नाही. बाकी सगळं माफ." माझा घास हातातच राहिला. घरी जाऊन मी दोन तिकिटं काढली, एक आईचं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सकाळचं विमान घ्या, म्हणजे पोर्ट ब्लेअरहून, जिथे डाइव्ह होते त्या हॅवलॉक बेटाची दुपारची बोट मिळते. बोटीची तिकिटं आधीच काढा, ऐनवेळी मिळत नाहीत. बोट लागत असेल तर गोळी घेऊन बसा. माझी मालवणी आई मात्र अख्खा प्रवास चकल्या खात होती. पहिल्या डाइव्हला पोहता यावंच लागतं असं नाही, पण दम्याचा वगैरे त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. माणशी साडेचार-पाच हजार धरून चाला. आणि डाइव्ह परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका, कारण त्यानंतर लगेच विमानात बसता येत नाही.

पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात सराव होता. शिकवणारी शर्मिष्ठा, तिथलीच बंगाली मुलगी. तिने सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला आणि सूं असा आवाज आला. तोच आवाज, आमच्या हॉलमधला. नळी तोंडात धरून पाण्याखाली डोकं घातलं आणि मी थांबले. श्वास घेतला होता, सुटेचना. शर्मिष्ठाने मला दंडाला धरून उभं केलं.

"दीदी, सांस क्यों रोका?"

"मुझे ऑक्सिजन का डर लगता है," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? मग बाबांचं सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, पाण्यात उभी राहून.

तिने ऐकून घेतलं. "इसमें ऑक्सिजन नहीं है दीदी," ती म्हणाली. "हवा है. जो यहाँ बाहर है, वही. बस, भर के रखी है." मग म्हणाली, "सांस छोड़ते वक्त मुँह से कुछ आवाज निकालो. आवाज आई तो समझना सांस चल रही है." मी प्रयत्न केला, पण पाण्याखाली गेलं की घशातून चकार शब्द निघेना. उद्या बघू म्हणून बाहेर आले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, जास्त राग बाबांच्या गिरणीचा.

संध्याकाळी खाडीकाठच्या खानावळीत मासे खाल्ले. कढीत नारळ होता, कोकम नव्हतं, याचं आईला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "आई, मी उद्या नाही जात." ती काटे काढत होती. "नको जाव," म्हणाली. "पण माका बोटीत बसूचा हा. तेवढ्यासाठी तरी चल."

दुसऱ्या दिवशी बोट किनाऱ्यापासून थोडी आत थांबली. मी सूट घालून काठावर बसले. तेवढ्यात लाइफ जॅकेट घातलेली आई उठली, हात जोडले आणि तिने समुद्राला गाऱ्हाणं घातलं, गावच्या देवळात घालतात तसं, खणखणीत.

"बा समुद्रा म्हाराजा! ह्या माजा चेडू तुज्या पोटात उतारता हा. जसा धाडलंय तसा परत दी रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला उत्तर द्यावंच लागतं. लहानपणापासूनची सवय, माझ्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय म्हाराजा." आणि लक्षात आलं, ते म्हणताना माझा सगळा श्वास बाहेर गेला होता.

पाण्याखाली मी तेवढंच करत राहिले. श्वास घ्यायचा आणि नळीतूनच म्हणायचं, व्हय म्हाराजा. बाहेर नुसतं घूंघूं येत असणार. दर वेळी बुडबुड्यांचा लोंढा वर जायचा. शर्मिष्ठा हात धरून खाली नेत होती. निळे मासे दिसले, मेंदूसारखे प्रवाळ दिसले, फोटोत असतात तसे. पण मी जास्त बुडबुडेच बघत होते. बाबांचा श्वास मला कधी दिसला नव्हता, छाती हलली की नाही यावरून ओळखायचा. माझा मात्र डोळ्यांना दिसत होता, आणि बाबांना एकदा तरी अशी पोटभर हवा मिळायला हवी होती, असं वाटून मास्कमध्ये डोळे भरून आले.

वर आले तेव्हा आई बोटीच्या कडेला वाकून, दोन्ही हातांनी दांडा धरून बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. बोटवाला म्हणाला, "माँजी पूरा टाइम बुलबुले देखती रहीं. बोलीं भी नहीं कुछ." मी तिच्या पाठीवर ओला हात ठेवला, तेव्हा कुठे तिची छाती खाली बसली. बाबांपाशी मी एकटीच तशी बसायचे, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

परत येऊन महिना झाला. माझा श्वास अजूनही कधीकधी अडतो, खोटं कशाला सांगू. परवा बेल वाजली, जिन्यातून हाक आली, "सिलिंडर." आई आतून सवयीने बोलली, "गॅसचो की..." आणि मधेच थांबली. मग स्वयंपाकघरातून काहीच आवाज येईना.

"गॅसचो गो," मी दारातून म्हटलं. "सोड आता."

आतून हळूच उत्तर आलं, "व्हय म्हाराजा."