अब्बांचं खलास

माझे अब्बा पंचवीस वर्षं उम्म अल कुवैनला एका अरबाच्या शेतावर काकड्या पिकवत होते. साठी उलटल्यावर ते व्हिसा रद्द करून रत्नागिरीला गेले आणि चक्क जिल्हा परिषदेला उभे राहिले! कशासाठी? तर मागच्या सुट्टीत गावात कुणीतरी म्हणालं होतं, "हे काय, पाहुणेच." ते त्यांना झोंबलं. मी म्हटलं, "अब्बा, या वयात कशाला नसती भानगड?" तर म्हणे, "माझ्याच गावात मी पाहुणा? बघतोच!"

जाण्याआधी इथे आखातात, रोल्लाच्या आमच्या फ्लॅटमध्ये भाषणाची रिहर्सल झाली. अब्बा सोफ्यासमोर उभे राहून गरजले, "पाण्याचं काम खलास! रस्ता खलास! दवाखाना खलास!" मी कपाळावर हात मारला. इथे काम पुरं झालं की सगळेच खलास म्हणतात, तेच त्यांच्या तोंडात बसलेलं. "अहो, तिकडे खलास म्हणजे बुडालं!" माझी लेक तर हसून लोळायलाच लागली. "नाना, यू किल्ड द हॉस्पिटल!" पण ऐकतील तर अब्बा कसले!

पहिली सभा मी किचनमधून व्हिडिओ कॉलवर बघत होते. गावातल्या घराशेजारची म्हातारी चाची उठली. तिचे पेन्शनचे कागद घेऊन अब्बा महिन्यापूर्वीच तहसीलला गेले होते. तिने विचारलं, "माझ्या पेन्शनचं काय झालं रे?"

अब्बा ऐटीत म्हणाले, "खलास!"

चाची मटकन खाली बसली आणि तिने भोकाड पसरलं. "बुडवली गो माझी पेन्शन!" अब्बा धावत खाली उतरले, तिच्याशेजारी मातीत बसले, "अगं, मंजूर झाली, मंजूर!" म्हणून हात जोडायला लागले. तिने डोळे पुसले आणि त्यांच्या पाठीत एक दणका घातला. "मेल्या, नीट सांगायला काय झालं होतं? अरब झालास काय?" सगळी सभा खो खो हसली.

संध्याकाळी अब्बांचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "ऐकलंस? सगळ्यांसमोर मला मेल्या म्हणाली! परक्याला म्हणेल का कुणी?"

अब्बा निवडून आले. निकालाच्या दिवशी मी लाडात विचारलं, "आता घरी कधी येता?"

"घरीच आहे की, बेटा," ते म्हणाले.

अभिनंदन करायचं सोडून मी रडत बसले.