उड्डाणाची सही

कासारवाडीच्या त्या सोसायटीत सुमेधा खळदकरबद्दल लोकांना दोनच गोष्टी विचारायच्या असत. हेलिकॉप्टर उडवताना भीती नाही का वाटत, आणि पगार किती? पहिल्याला तिची आई उत्तर द्यायची, “तिला नाही वाटत, तिच्या वाटणीची मला वाटते.” दुसऱ्याला वडील, हरिहर खळदकर, “पोटापुरता आहे” एवढं म्हणून वर्तमानपत्र उघडायचे. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात आयुष्य काढलेला माणूस. कान मंद झालेले, त्यामुळे बोलणं मोठ्याने आणि मोजकं.

सुमेधा हवाई दलात गेली ती शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर. हैदराबादजवळच्या अकादमीत दीक्षान्त संचलन झालं तेव्हा आईवडिलांनी तिच्या दोन्ही खांद्यांवर फ्लाइंग ऑफिसरच्या पट्ट्या चढवल्या. आईने चढवलेली डावी पट्टी जरा तिरकीच बसली. सुमेधाने ती दिवसभर तशीच ठेवली.

पहिल्या पगाराचा कागद तिने हौसेने घरी दाखवला. मूळ वेतन, सैनिकी सेवेचं वेतन, महागाई भत्ता आणि खाली वेगळ्या ओळीत उड्डाणभत्ता. हरिहररावांनी चष्मा वर करून त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे पैसे उडायचे देतात, की न पडायचे?”

“दोन्हीचे, बाबा.”

“मग कमी आहेत,” ते म्हणाले आणि कागद घडी करून तिला परत दिला.

आसामातल्या तळावरची तिची पहिली दोन वर्षं मजेत गेली. फ्लाइंग ऑफिसरवर जबाबदारी असते ती स्वतःच्या सीटपुरती. शेजारी कॅप्टन बसलेला. आपण नकाशा बघायचा, रेडिओवर बोलायचं, इंजिनाच्या काट्यांवर नजर ठेवायची आणि चुकलं तर बोलणी खायची. संध्याकाळी मेसमध्ये एका टेबलाभोवती सगळी नवी पोरं दाटीवाटीने बसत. कुणाचं लँडिंग कसं आपटलं याची नक्कल व्हायची, एकमेकांच्या ताटातली पोळी पळवली जायची. त्या पगारातलं काय कुठे गेलं हे तिला कधी आठवलं नाही. ते टेबल मात्र नीट आठवायचं.

दोन वर्षांनी ती फ्लाइट लेफ्टनंट झाली. हळूहळू साधी उड्डाणं स्वतःच्या नावावर मिळू लागली. आता चूक झाली तर बोलणी खाणारी ती एकटी नव्हती, मागे बसलेली माणसंही तिच्या हवाली होती. सहा वर्षं भरली तशी स्क्वाड्रन लीडर झाली. मूळ वेतन वाढलं. उड्डाणभत्ता मात्र होता तिथेच राहिला, कारण तो फ्लाइंग ऑफिसरला जितका तितकाच विंग कमांडरला. आभाळ हुद्दा बघत नाही, असं तिचे एक वरिष्ठ म्हणायचे.

मेसमध्ये मात्र हुद्दा दिसायचा. ती टेबलाशी आली की नवी पोरं उठून उभी राहत आणि चाललेली नक्कल मधेच थांबे. सुरुवातीला ती म्हणायची, “बसा रे, चालू द्या.” पोरं बसत, पण चालू होत नसे. मग ती कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊ लागली. तिच्या बरोबरीचे बहुतेक लग्न होऊन घरी जेवत होते. तिच्यासाठी दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा बोलणी पुढे सरकायच्या आत बदली झाली, आणि तिसऱ्यांदा आईनेच विषय काढला नाही.

ती स्क्वाड्रन लीडर असतानाच एका सकाळी घरून फोन आला. डोंगरातल्या एका चौकीवरून आजारी जवानाला खाली आणायचं होतं. उड्डाण तिच्या नावावर लागलं होतं, अंगावर ओव्हरऑल चढवून ती हवामानाचा अहवाल ऐकायला निघाली होती. फोनवर बाबा नेहमीसारखे मोठ्याने बोलत होते.

“आईला ॲडमिट केलंय. हृदयाचं आहे म्हणतात. तू तुझं काम आटोपून ये.”

ती थोडा वेळ हँगरच्या सावलीत उभी राहिली. मग सरळ आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर गेली.

“सर, आज मी उडू नये. घरून फोन आलाय. माझं मन थाऱ्यावर नाही.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि तिच्या नावाऐवजी दुसऱ्याचं नाव घातलं. दुसरा कॅप्टन गेला, जवानाला सुखरूप घेऊन आला. सुमेधा तोवर क्रू रूममध्ये पुण्याकडे जाणाऱ्या विमानात जागा मिळायची वाट बघत बसून होती. घरी पोचली ती दुसऱ्या दिवशी. आई पहाटेच गेली होती.

शेजारच्या बायका येऊन म्हणाल्या, “देशाच्या कामात होती बिचारी, म्हणून उशीर झाला.” तिने कुणाचाही समज खोडला नाही. उडायचं नाही म्हणून सांगणं हेही त्या दिवशीचं कामच होतं, हे त्या गर्दीत समजावून सांगायचं तरी कसं?

तेरा वर्षं झाली आणि ती विंग कमांडर झाली. पगाराने मोठी उडी घेतली. सोसायटीतल्या कुणीतरी इंटरनेटवर आकडा शोधून काढला आणि महिनाभर चवीने चघळला. तिचं उडणं मात्र अर्ध्यावर आलं. ती आता फ्लाइट कमांडर होती. उद्या कोण उडणार, कोणाबरोबर, कुठे, कुठलं हवामान असलं तर परत फिरायचं, हे ठरवायचं आणि प्रत्येक उड्डाणाआधी सही करायची. सही केली की ते हेलिकॉप्टर परत येईपर्यंत आवाजाकडे कान लावून बसायचं. स्वतः उडताना तिला कधी एवढं थकायला झालं नव्हतं.

त्याच वर्षी कुलदीप घोरपडेचं प्रकरण झालं. कुलदीप सांगलीकडचा, फ्लाइट लेफ्टनंट, बोलका आणि हाताचा हुशार. डोंगरातल्या उंच हेलिपॅडवर कॅप्टन म्हणून उतरण्याची त्याची परीक्षा होती आणि त्या परीक्षेसाठी तो कित्येक महिने थांबला होता. त्या सकाळी तो कुणाशी एक शब्द बोलला नाही. ब्रीफिंग चालू असताना विचारलेल्या साध्या प्रश्नाला त्याने दोनदा “हो” म्हटलं, आणि उत्तर होतं “नाही.” तिने त्याला बाहेर बोलावलं.

“घरी काय झालंय?”

“काही नाही, मॅडम.”

“कुलदीप.”

तो बुटांकडे बघत राहिला. “वडिलांना काल झटका आलाय. पण मी ठीक आहे. ते शुद्धीवर असते तर म्हणाले असते, जा, उडव.”

“म्हणालेही असते. पण सही ते करत नाहीत, मी करते.”

“मॅडम, हा चान्स गेला की मोसम बदलेल. पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही.”

“माहीत आहे मला.”

तिने सही केली नाही. दुपारपर्यंत त्याची रजा मंजूर करून घेतली आणि जाणाऱ्या विमानात त्याला बसवलं. त्याने सलाम ठोकला तो इतका कडक, की त्यात काय भरलंय ते तिला कळायचं राहिलं नाही. रजेवरून परत आल्यावर तो कामापुरतं बोलायचा. मेसमध्ये तिच्याकडे पाठ येईल अशी खुर्ची निवडायचा. बाकीची पोरंही त्याच्याच बाजूची होती. दुःखाच्या वेळी माणसाला त्याच्या कामापासून तोडलं, असं त्यांचं म्हणणं तिच्या कानावर आलं. तिने आपली गोष्ट त्यांना सांगितली नाही. हुद्द्याने मोठ्या माणसाने आपलं दुःख पुढे करून आपला निर्णय पटवावा, हे तिला बरं वाटेना.

पुढच्या वर्षी तिचा चौदा वर्षांचा करार संपला. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना निवृत्तिवेतन नसतं. एकरकमी काय ते हातावर पडतं आणि माणूस घरी येतो. निरोपाच्या जेवणात कुलदीपने हात मिळवला, “ऑल द बेस्ट, मॅडम,” म्हणाला आणि बाजूला झाला.

कासारवाडीच्या घरात बाबा एकटे होते. त्यांच्यापाशी राहता यावं म्हणून तिने चाकणला, महाळुंग्याच्या बाजूला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅचची नोकरी धरली. सकाळी नाशिक फाट्यावर कंपनीची बस पकडायची, भोसरी-मोशीच्या गर्दीत तासभर अडकायचं आणि दिवसभर ट्रक रवाना करायचे. मुलाखतीत तिला शेवटचा पगार विचारला होता. तो ऐकून समोरचे गृहस्थ हळूच हसले आणि त्याच्या बऱ्याच खालचा आकडा म्हणाले. तिने घासाघीस केली नाही.

तिथे तिने एक नियम घातला. लांबच्या फेरीवर निघणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती स्वतः विचारायची, “झोप झालीय का? घरी सगळं ठीक आहे ना?” ड्रायव्हर हसायचे, “झाली, मॅडम,” म्हणायचे. मावळातल्या साहेबराव नावाच्या ड्रायव्हरने एकदा खरं सांगितलं.

“पोरीला ताप हाय. रातभर जागाच हाय बगा.”

तिने त्याचा ट्रक थांबवला, दुसरा ड्रायव्हर शोधला. माल उशिरा गेला. प्रॉडक्शन मॅनेजर धनेश तिच्यासमोर येऊन म्हणाला, “मॅडम, ट्रक आहे तो, हेलिकॉप्टर नाही.”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “समोरून येणारी माणसं जास्त.”

पण साहेबरावाचा त्या फेरीचा भत्ता बुडाला, आणि त्यानंतर कुठलाही ड्रायव्हर तिला खरं सांगेना. हे लक्षात यायला तिला महिना लागला. हवाई दलात तिने ज्याला ज्याला थांबवलं, त्याचा पगार चालूच होता. इथे खरं बोलायची किंमत बायकोपोरांच्या पोटातून जात होती. वरच्या साहेबांच्या मागे लागून तिने अशा वेळी अर्धा भत्ता तरी द्यायचं कबूल करून घेतलं. मग कुठे एखाद-दुसरा तोंड उघडू लागला.

त्या पावसाळ्याच्या शेवटी तिला अनोळखी नंबरावरून फोन आला. कुलदीप होता. स्क्वाड्रन लीडर झाला होता, लोहगावला कोर्ससाठी आला होता. “भेटायला येऊ का?” त्याने विचारलं. ती म्हणाली, “ये, पण कंपनीतच यावं लागेल.”

तो आला, गेटवरच्या पासची चिठ्ठी हातात तशीच धरून. डिस्पॅचच्या पत्र्याच्या केबिनमध्ये दोघं बसली. बाहेर फोर्कलिफ्ट मागेपुढे होत होती, म्हणून बोलताना थांबावं लागत होतं.

“वडील गेले, मॅडम. त्याच वेळी, रजेत. चार दिवस मी त्यांच्या शेजारी बसून होतो. त्यांनी मला ओळखलं नाही.”

“मला कळलं होतं.”

“मला अजून वाटतं, मी त्या दिवशी उडवू शकलो असतो.”

“उडवलं असतंस बहुतेक,” सुमेधा म्हणाली. “मला खात्री हवी होती, आणि ती नव्हती.”

त्याने चहाचा कप फिरवला. मग म्हणाला, “मागच्या महिन्यात मी एका मुलीला थांबवलं. फ्लाइंग ऑफिसर आहे. घरचं काहीतरी होतं, तिने लपवलं होतं. आता ती माझ्याशी बोलत नाही. मी मेसमध्ये गेलो की सगळं टेबल गप्प होतं. तुम्हाला कसं झेपलं?”

सुमेधाला खरं तर काहीतरी धीराचं बोलायचं होतं. पण इतकी वर्षं त्याच्याशी ती वरिष्ठ म्हणूनच बोलली होती, आणि आज तिच्या खांद्यावर पट्ट्या नव्हत्या.

“नाही झेपलं,” ती म्हणाली. “शेवटचं वर्षभर मी खोलीवर ताट मागवून जेवले.” आणि मग पहिल्यांदाच तिने आईच्या वेळची ती सकाळ कुणाला तरी सांगितली, हँगरची सावली, बाबांचा फोन, सरांनी काही न विचारता बदललेलं नाव.

कुलदीपने कप खाली ठेवला. “हे तेव्हा सांगितलं असतंत तर...”

“तर तू माझ्यावर रागवू शकला नसतास. त्या दिवशी तुला कुणावर तरी रागवायला हवं होतं.”

तो हसला नाही. उठताना त्याने सवयीने टाचा जुळवल्या, मग लाजून हात पुढे केला. ती त्याला गेटपर्यंत सोडायला गेली.

त्यानंतर त्याचे फोन येत. त्या फ्लाइंग ऑफिसर मुलीबद्दल सांगायचा. ती अजून नीट बोलत नाही, पण उडते छान. पुढे त्याची बदली दूर झाली, नेटवर्क मिळेना, फोन विरळ झाले. सुमेधाला नवल वाटलं नाही. त्या वयात तीही कुणाला फोन करत नसे.

दिवाळीनंतर कंपनीने तिला बढती दिली. सगळ्या प्लांटची वाहतूक तिच्याकडे आली, पगार वाढला, वरच्या मजल्यावर काचेची केबिन मिळाली. ड्रायव्हरांशी बोलायचं काम खालच्या नव्या माणसाकडे गेलं. संध्याकाळी सामान हलवताना साहेबराव वाटेत भेटला.

“मॅडम आता वर गेल्या म्हनायच्या.”

“वर म्हणजे काय, एकच तर जिना आहे, साहेबराव. कधीही या.”

“व्हय की, जिना हाय,” तो टोपी सारखी करत म्हणाला, “पर आमी काय त्यो चढत न्हाई.”

तो वाईट वाटावं म्हणून बोलला नव्हता, जे आहे ते बोलला होता. ती मान हलवून जिन्याकडे वळली. केबिनच्या काचेतून सगळं आवार दिसत होतं. एक ट्रक गेटबाहेर पडून नाशिक रस्त्याला लागत होता. तो वळणाआड होईपर्यंत ती बघत उभी राहिली, आणि मग बाबांना फोन लावून मोठ्याने सांगितलं, की रात्रीचे ट्रक सुटायचेत, आज यायला थोडा उशीर होईल.