सर्वज्ञांची बोटे

काही माणसे शिकून शहाणी होतात; त्या प्रयोगशाळेचे प्रमुख शहाणेच जन्मले होते, त्यामुळे शिकण्याचे कष्ट त्यांना पडले नाहीत. पाठीमागे सारे त्यांना ‘सर्वज्ञ’ म्हणत. समोर म्हटले असते, तरी त्यांना तो गौरवच वाटला असता.

त्यांच्या हाताखाली अकरा वर्षे काम करणाऱ्या जीवरसायनतज्ज्ञ बाईंना सगळे ताई म्हणत. स्टेरॉइड जातीचे संप्रेरक पेशीत शिरते, तेथील एका प्रथिनाला बिलगते आणि ती जोडी निद्रिस्त जनुकाला जागे करते, हा ताईंचा विषय. जनुक जागले की पेशी मंद प्रकाशावी, अशी योजना त्यांनी केली होती. संप्रेरकावाचून हे जनुक जागत नाही, या एका वाक्यात त्यांची अकरा वर्षांची तपश्चर्या सामावली होती.

एका सोमवारी सर्वज्ञांना स्वहस्ते प्रयोग करण्याची लहर आली. हातमोजे नवशिक्यांनी घालावेत, असे त्यांचे मत. द्रव मोजून सोडणाऱ्या पिपेटची टोकेसुद्धा ते उघड्या बोटांनी चेपून बसवीत. संप्रेरकाचा थेंबही न घालता त्यांच्या तबकड्यांतील पेशी उजळल्या. झाले! जनुक आपोआप जागते, हा सिद्धांत दुपारच्या चहापूर्वी सिद्धही झाला. ताईंनी आपला प्रसिद्ध झालेला निबंध शुक्रवारपर्यंत मागे घ्यावा, अशी आज्ञा सुटली. एवढी साधी गोष्ट अकरा वर्षांत दिसू नये, याबद्दल खेदही व्यक्त झाला. उथळ पाण्याचा खळखळाट तो, त्याला खेदही मोठ्याने वाटतो.

ताईंनी प्रयोग पुन्हा दोनदा केला. पेशी काळोखातच राहिल्या.

बुधवारी त्या घरी सुन्न बसल्या होत्या. शेजारी सासूबाई हाताच्या इसबाला मलम लावीत होत्या. हात स्वच्छ धुतल्याशिवाय नातीला घ्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावल्याचे त्या सांगत होत्या. एवढेसे मलम, पण भलतेच जालीम. ताईंचे लक्ष नळीकडे गेले. हिरव्या पट्ट्याची अशीच नळी सर्वज्ञांच्या कोटाच्या खिशातून डोकावत असे. त्यांनी बारीक अक्षरे वाचली. ताई ज्या संप्रेरकाने जनुक जागे करीत, मलमातले स्टेरॉइड त्याचाच सख्खा भाऊ.

“ही नळी उद्या नेऊ का, आई? आमच्या सरांच्या खिशातही अशीच असते.”

“ने की. मोठ्या लोकांनाही खाज सुटते म्हण.”

गुरुवारी ताईंनी तबकड्यांच्या तीन रांगा मांडल्या. पहिलीतील टोके त्यांनी मोजे घालून बसवली. दुसरीतील टोकांना मलमाचा पुसटसा हात लावला. तिसरी रांग राखून त्या सर्वज्ञांपाशी गेल्या.

“सर, ही एवढी रांग हातमोजे घालून करता?”

“मी? मोजे?” सर्वज्ञ हसले. पण ताईंची फजिती चारचौघांत व्हावी, म्हणून त्यांनी ते घातले.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर मोजणी झाली. मलमाची रांग उजळली होती. ताईंची काळोखी होती आणि सर्वज्ञांचीही. जनुकाला हुद्दा कळत नाही. सर्वज्ञ बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, कर्मचाऱ्यांची दक्षता तपासण्यासाठीच आपण हे केले होते. निबंधाचा विषय पुन्हा निघाला नाही.

सोमवारी दारावर सूचना झळकली: ‘प्रमुखांच्या संशोधनातून निष्पन्न झाल्यानुसार, येथे हातमोजे अनिवार्य आहेत.’ ताईंनी ती शेवटपर्यंत वाचली आणि अकरा वर्षे घालीत आल्या होत्या तसे मोजे घालून कामाला बसल्या.